उद्यमनगरात दुरुस्तीला

वडील या शेडात ऑइल इंजिनाची पिस्टनं करायचे.
त्याच पत्र्याखाली मी आता रोबो उघडतो.
पाटी रंगवणाऱ्याने शेवटचा ट गाळला,
म्हणाला, जागा संपली.
राहू दे म्हटलं.

फरशी पुसणारे सगळ्यात जास्त येतात, ताटलीएवढे.
पोट उघडलं की घर कळतं.
मोहरी, केस, बेलाचं वाळलेलं पान,
आणि जोतिबाच्या यात्रेनंतर महिनाभर
ज्याच्या त्याच्या पोटात गुलाल.
ब्रश धुतला की मोरी गुलाबी.
सुभाषनगरच्या एकाच्या पोटात चामड्याची कातरण निघाली,
चपलेच्या वेणीतून सुटलेली, नखाएवढी.
ती मी डबीत ठेवली आहे.
का, ते विचारू नका.

मंगळवार पेठेतला एक
काळ्या कडाप्प्यापाशी येतो, थबकतो, मागं सरतो.
खाली डोळे दिलेत त्याला, जिन्यावरून पडू नये म्हणून,
आणि काळं दिसलं की त्याला खोल वाटतं.
मालक तालमीतले, शेंडगे वस्ताद.
भित्रं हाय, म्हणाले.
मी म्हटलं, वस्ताद, तुम्ही पोरांना आधी पडायला शिकवता,
याला कुणी शिकवलंच नाही.
वस्ताद हसले नाहीत.
पुढच्या खेपेला कळलं,
कडाप्प्यावर जुनी पांढरी सतरंजी टाकली आहे, त्याच्यासाठी.

काच पुसणारा ताराबाई पार्कात सातव्या मजल्यावर
पालीसारखा चिकटतो, कमरेला दोरी.
वीज गेली की पोटातल्या बॅटरीवर वीस मिनिटं
धरून राहतो आणि ओरडत राहतो.
तेवढ्यात कुणीतरी घरी असायला हवं.

चपात्या करणारं यंत्र सदलगे सरांनी निवृत्तीच्या पैशातून घेतलं.
चपाती फुगते, तक्रार नाही.
पण सरांना ज्वारीची भाकरी हवी,
आणि भाकरी तिथं नकाशासारखी चिरते.
तीनदा आणलं. तीनदा मी खोललं.
शेवटी म्हटलं, सर, पीठ मळायला तळहात लागतो,
हा स्पेअर पार्ट मिळत नाही.
सर म्हणाले, तोच तर गेला.
मी स्क्रू परत बसवले. पैसे घेतले नाहीत.

गोळ्यांची आठवण करणारा टेबलावर बसतो, बाहुलीएवढा.
'कृपया औषध ग्रहण करावे,' म्हणतो.
कसबा बावड्याचे तुकाप्पा चौगले त्याला रोज म्हणतात, गप ए.
नातू घेऊन आला: याला 'जेवलासा काय' शिकवा,
मग आप्पा ऐकतील.
शिकवलं. माझ्याच आवाजात.
आता बावड्यात कुठंतरी दुपारी एक वाजता
मी एका म्हाताऱ्याला जेवलासा काय विचारतो.

काल छबूताई पोवार आली, बाजाराच्या पिशवीत
राजारामपुरीतल्या डॉक्टरीणबाईंचा रोबो.
'माझ्या जागी आणलंय ह्याला,
पलंगाखालचं मातर अजून मीच काढते.
जाग्यावर जाऊन बसतंय, पण चार्ज हुईना झालंय.'
तांब्याच्या पट्ट्यांवर कळकट चढलं होतं.
पॉलिश पेपर मारला, सोडून बघितला.
ग्रीसच्या डब्यांमधून तो पुसत गेला,
आणि मधेच, शेडाच्या निम्म्यात,
वळला.

'का वळलं?'
बॅटरी उतरली. आपणच घरी जातो.
'निम्मं तसंच टाकून?'
निम्मं तसंच टाकून.
'आणि बाई काय म्हणत न्हाईत?'
काय म्हणणार, तसंच बनवलंय त्याला.

भिंतीला टेकून त्याचा दिवा मंद लुकलुकू लागला.
छबूताई कितीतरी वेळ बघत होती.
मग पिशवीची घडी घातली,
वडिलांचं स्टूल ओढलं
आणि बसली.
मी दोन चहा सांगितले.
दिवा हिरवा व्हायला दीड तास लागेल, म्हटलं.
'लागू दे की.'